किल्ल्यांच्या जुडग्यातला ओपनर : सुरतेतील बाटल्या, डबे आणि खिसे

घडीचा ओपनर म्हणजे पोलादी पत्र्याचे दोन तुकडे, एकाच रिव्हेटवर फिरणारे. लांब तुकडा बोटांत धरायचा, आखूड तुकड्याचा दात डब्याच्या पत्र्यात घुसवायचा. काम नसते तेव्हा दात पट्टीवर आडवा पडून राहतो. पट्टीच्या टोकाला एक भोक असते, त्यातून किल्ल्यांची कडी ओवली की ओपनर कायमचा खिशात राहतो. सगळ्यांत प्रसिद्ध नमुन्याची लांबी सुमारे ३८ मिलीमीटर, म्हणजे दीड इंच. इतक्या लहान वस्तूला सुरतेसारख्या व्यापारी शहरात शिरायला फारसा वेळ लागू नये. प्रत्यक्षात ती तिथे फार उशिरा आली, आणि आली तीही दुसऱ्याच एका वस्तूला चिकटून. त्याचे कारण व्यवहारात होते. दीर्घकाळ सुरतेत बाटली दुकानदाराला परत करायची असे आणि डबा घरात ठेवून घ्यायचा असे. डबा कापून फेकून देण्यासाठी बनवलेल्या हत्याराला तिथे कामच नव्हते.

किल्ली अंगावर बाळगण्याची रीत मात्र या भागात जुनी आहे. धोतर-साडीच्या काळात खिसा नसे, म्हणून किल्ली जिथे अडकवता येईल तिथे अडकवली जाई. पुरुषांच्या बाबतीत जानवे किंवा करगोटा, नाहीतर कनवटीची गाठ. पेढीच्या तिजोरीची किल्ली जानव्याला बांधून फिरणारे गृहस्थ जुन्या मराठी आणि गुजराती घरांत अगदी परिचयाचे होते. आंघोळीलाही किल्ली अंगावरच राही, हा त्यातला फायदा. स्त्रिया कमरेला चांदीचा छल्ला खोवीत. वर आकडा, खाली नक्षीचे पदक, त्याखाली कडी आणि कडीत किल्ल्यांचा जुडगा. गुजराती घरांत याच दागिन्याला झुडो म्हणतात. कोठीघराचा कारभार कोणाकडे आहे हे त्या किणकिणाटावरून सगळ्या घराला कळे. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला जाणे ही घरातली सत्तांतराची घटनाच होती.

कडीत किल्ल्यांखेरीज बारीकसारीक अवजारे अडकवण्याचीही प्रथा होती. कानकोरणे, दातकोरणे आणि काटा काढायचा चिमटा असा चांदीचा किंवा पितळेचा संच एका कडीत ओवून चंचीत ठेवत. चंचीत पान, सुपारी, कात आणि चुन्याची डबी यांच्या सोबत तो राही. यातले काही संच घडीचे असत, टोकदार बाजू म्यानात फिरवून बंद करता येई. टोकदार वस्तू अंगाजवळ बाळगायची तर टोक झाकले पाहिजे, हा प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही ओपनरच्या आधीपासून इथे होते. नव्हती ती फक्त ओपनरची गरज.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की जानेवारी १६६४ आठवतो. शिवाजी महाराजांच्या त्या स्वारीत वीरजी व्होरा, हाजी झाहिद बेग यांच्यासारख्या धनाढ्यांचे वाडे खणून काढले गेले. तिथे कोणाच्या किल्लीचा उपयोग झाला नाही. पण त्याच शतकात तापीकाठच्या इंग्रज वखारीत एक नवा बंदिस्त जिन्नस येऊ लागला होता, तो म्हणजे बूच मारलेली बाटली. १६३८ मध्ये सुरतेत आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने इंग्रज मंडळींच्या पेयपानाचे वर्णन केले आहे. मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण तो 'पालेपुंट्झ' या नावाने नोंदवतो. पुढे पंच म्हणून जगभर गेलेल्या पेयाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक आहे. बूच काढण्यासाठी पोलादी मळसूत्र वापरल्याचा इंग्रजी उल्लेख १६८१ चा मिळतो. अठराव्या शतकात हा बूचकाढू घडीचा किंवा म्यानाचा होऊन युरोपीय माणसाच्या खिशात गेला, आणि १७९५ मध्ये सॅम्युअल हेन्शल या पाद्र्याने त्याचे पेटंट घेतले. बंद बाटली उघडणारे खिशातले हत्यार ते हेच. सुरतेच्या सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध आला नाही. त्याची ताडी मडक्यातून येई आणि सरबत घरी होई.

सामान्य माणसाच्या हातात पहिली बंद बाटली आली ती सोड्याची. इंग्लंडच्या हायरम कॉड याने १८७० च्या दशकाच्या आरंभी काचेची गोटी असलेली बाटली प्रचारात आणली. बाटलीच्या गळ्यात रबराचे कडे असते. आतल्या वायूच्या दाबाने गोटी त्या कड्याला घट्ट चिकटून बसते, म्हणजे पेयच स्वतःला बंद करते. उघडायला धातूचे काहीही लागत नाही. लाकडाची टोपी गोटीवर ठेवून तळव्याने ठोसा दिला की गोटी खाली गळ्यातल्या खोबणीत जाऊन बसते. ती लाकडी टोपी सोडावाल्याच्या गाडीवर असे. बाटली महाग, गोटी मुलांना हवीहवीशी, त्यामुळे गिऱ्हाईक सोडा पिऊन संपवीपर्यंत विक्रेता बाटलीवरची नजर काढीत नसे. पश्चिम भारतातील पारशी कारखानदारांनी हा धंदा वाढवला. मुंबईत पालनजी आणि ड्यूक्स, पुण्यात अर्देशीर ही नावे त्याच काळातली.

गोटीला हटवणारे झाकण अमेरिकेतून आले. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर याने १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले. पातळ पत्र्याची गोल चकती, आत कॉर्कचा पातळ थर, आणि बाटलीच्या काठावर दाबून बसवलेले २४ दाते. आज त्यांची संख्या बहुतेक ठिकाणी २१ आहे. हे बूच हाताने निघत नाही, म्हणून १८९४ मध्ये पेंटरने ते काढायच्या हत्याराचेही पेटंट घेतले. आधी कुलूप विकायचे आणि मग किल्ली, असा हा हिशेब होता. एकदा काढलेले बूच पुन्हा बसत नाही, ही या शोधातली खरी कमाई. पेंटरच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा एक विक्रेता होता. वापरून फेकायची आणि गिऱ्हाइकाने पुन्हा विकत घ्यायची वस्तू शोधावी, हा विचार त्याने तिथेच उचलला आणि पुढे दाढीचे पाते बनवले.

सुरतेच्या बाबतीत या बुचाचे नाते एका स्थानिक पेयाशी आहे. १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात मोडले, टिळकांच्या जहाल गटाची आणि मवाळांची फारकत झाली, आणि स्वदेशीचा वाद गल्लीबोळांत पोचला. मँचेस्टरच्या जॉन नोएल निकल्सने १९०८ मध्ये काढलेले व्हिम्टो हे इंग्रजी पेय पुढच्या काळात हिंदुस्थानातही येऊ लागले. त्याला देशी पर्याय म्हणून अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी १९२३ मध्ये सुरतेत सुरू केलेल्या धंद्यातून सोसिओ उभे राहिले. तांबूस रंगाचे, द्राक्ष-सफरचंदाच्या वळणाची चव असलेले हे पेय दक्षिण गुजरातेत लग्नाच्या पंगतीपासून पानाच्या गादीपर्यंत सगळीकडे रुळले. शंभर वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, रिलायन्सने त्या कंपनीत ५० टक्के हिस्सा घेतला.

सोसिओची काचेची बाटली आणि तिच्यावरचे पत्र्याचे बूच सुरतेच्या तीन-चार पिढ्यांनी हाताळले. पण ते उघडणारा ओपनर यांतल्या फारच थोड्यांच्या मालकीचा होता. तो दुकानाचा असे. बर्फाच्या पेटीला सुतळीने बांधलेला, नाहीतर गल्ल्याच्या फळीवर स्क्रूने ठोकलेला. त्याखाली खोक्यात बुचे साठत आणि मुले ती खेळायला नेत. दुकानाबाहेर बाटली न्यायची तर अनामत ठेवावी लागे, म्हणून गिऱ्हाईक तिथेच उभे राहून पेय संपवी. ज्याला बाटली घरी न्यायची नाही त्याने ओपनर कशाला बाळगावा? घरच्या कार्याला क्रेट आणले तर दुकानदार एखादा ओपनर सोबत देई, आणि रिकाम्या बाटल्यांबरोबर तोही मोजून परत घेई.

युरोप-अमेरिकेत किल्ल्यांच्या कडीला बाटलीचा ओपनर लागला तो मुख्यतः बिअरमुळे. सुरतेत तेही दार बंद होते. हे शहर १९६० पर्यंत मुंबई राज्यात होते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि १ मे १९६० ला गुजरात वेगळे झाल्यावर नव्या राज्याने तो पुढे चालवला. महाराष्ट्रात परवाने सैल होत गेले, गुजरातेत नाहीत. त्यामुळे मुंबईच्या तरुणाच्या किचेनला लटकणारा ओपनर फार तर मिरवण्याची वस्तू ठरे, सुरतेत मात्र तोच ओपनर नको ते प्रश्न ओढवून घेई. दोन शहरांत रेल्वेने काही तासांचे अंतर, पण खिशातल्या वस्तूंची प्रतिष्ठा अशी वेगळी.

ओपनर स्वतःजवळ बाळगणारा एकच वर्ग ठळक होता, तो फेरीवाल्यांचा. सुरत आणि उधना स्थानकांवर, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत आणि उधन्याहून तापीखोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत थंड पेये विकणारा माणूस बादलीत बर्फ आणि बाटल्या घेऊन चढे. ओपनर त्याच्या बोटात असे, आणि बाटल्यांच्या गळ्यांवरून तो सर्रकन फिरवला की होणारी किणकिण हीच त्याची जाहिरात. यंत्रमागावर काम करायला खानदेशातून आलेली आणि लिंबायत, उधना, डिंडोलीत वसलेली मराठी कुटुंबे सुट्टीत याच गाडीने गावी जात. त्यांच्या मुलांच्या कानांत तो आवाज बसलेला आहे. चालत्या गाडीत ओपनर हातातून निसटू नये म्हणून कित्येक विक्रेते त्याला दोरी बांधून ती मनगटाला गुंडाळत. सुरतेच्या बाजूला ओपनर सुरक्षित बाळगण्याची सर्रास रूढ झालेली पद्धत ती हीच.

डब्याची कथा बाटलीपेक्षा वेगळी आहे. फ्रान्सच्या निकोला आपेरने अन्न टिकवण्याची कृती शोधून १८१० मध्ये १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले, पण त्याची भांडी काचेची होती. पत्र्याच्या डब्याचे पेटंट त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने घेतले, आणि १८१३ च्या सुमारास ब्रायन डाँकिनचा कारखाना आरमाराला डबे पुरवू लागला. डबा आला, तो उघडायचे साधन मात्र चाळीस वर्षे आले नाही. १८२४ च्या ध्रुवीय मोहिमेसाठी दिलेल्या मांसाच्या डब्यावर छिन्नी-हातोड्याने कापावा अशी सूचनाच होती. जाड लोखंडी पत्रा हे त्याचे कारण. पत्रा पातळ झाल्यावर १८५५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट येट्सने आणि १८५८ मध्ये अमेरिकेच्या एझ्रा वॉर्नरने आकड्याचे ओपनर काढले. वॉर्नरचा ओपनर इतका धोकादायक होता की तो बहुधा किराणा दुकानातच राही. दुकानदार डबा उघडून देई आणि गिऱ्हाईक उघडा डबा घरी नेई. सुरतेतल्या सुतळीच्या ओपनरला हा अमेरिकी भाऊ शोभतो.

ओपनर खिशात गेला तो सैन्यामुळे. स्विस सैनिकांच्या १८९० च्या नमुन्याच्या घडीच्या चाकूत पात्याबरोबर डबा उघडायचे अवजारही होते, कारण शिधा डब्यांतून येऊ लागला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या शिकागो येथील अन्न-प्रयोगशाळेने १९४२ मध्ये आज पी-३८ या नावाने ओळखला जाणारा घडीचा ओपनर तयार केला. स्प्रिंग नाही, मूठ नाही. पट्टीची खाच डब्याच्या काठाखाली अडकवायची, मनगट वळवून दात टोचायचा, डबा थोडा फिरवायचा आणि पुन्हा टोचायचा. सैनिकांनी तो गळ्यातल्या ओळखपट्टीच्या साखळीत ओवला. डब्यांचा शिधा जाऊन १९८० च्या दशकात पाकिटांचा शिधा आला, तरी निवृत्त सैनिकांच्या किल्ल्यांच्या कडीत तो राहिला. कडीतल्या ओपनरची सवय जगात पसरली ती तिथून.

सुरतेच्या घरांत याच काळात डबे थोडेथोडके नव्हते. रॉकेलचा चार गॅलनचा चौकोनी डबा देशभर पोचला होता. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाचे पिवळे डबे कोठीत रांगेने असत. आणि गुजराती घराचा खरा मोठा डबा म्हणजे शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा. वर्षाचे तेल भरायचा मोसम आला की त्याचा भाव वर्तमानपत्राची बातमी होतो. यांतला एकही डबा पी-३८ ने उघडण्याजोगा नाही, निदान कोणी उघडला नसता. तेलाच्या डब्याला वरच्या कोपऱ्यांत समोरासमोर दोन भोके पाडायची, एकातून तेल, दुसऱ्यातून हवा. त्याला खिळा आणि बत्ता पुरे. डालड्यासारख्या डब्याचे दाबून बसवलेले झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटे आणि पुन्हा लागे. रिकाम्या डब्यात धान्य, पाणी, पापड, फरसाण, आणि गंजला की तुळस. कल्हईवाले आणि पत्र्याचे कारागीर रॉकेलच्या डब्यांतून पेट्या, चाळण्या आणि बंब बनवत. तोंड कापून काठ धारदार झालेला डबा या साऱ्याला नालायक, म्हणून डबा उघडण्याची कला म्हणजे त्याचे कमीत कमी नुकसान करण्याची कला होती. फेकायचाच डबा असलेल्या सैनिकाला ही अडचण नव्हती.

घडीचा ओपनर सुरतकरांच्या खिशात शेवटी आला तो नेलकटरच्या पाठुंगळी. साखळी लावलेला चकचकीत नेलकटर, त्याच्या पोटात दोन घडीची पाती. एक बोटभर चाकू, दुसरे टोकाला खाच असलेले, बाटलीचे बूच काढणारे आणि जमलेच तर डबा टोचणारे. कोरियन बनावटीचे आणि त्यांच्या नकला असलेले हे नेलकटर रेल्वेच्या डब्यांत, स्थानकाबाहेरच्या पथारीवर आणि जत्रांत स्वस्तात विकले गेले. घेणारा ते नखांसाठी घेई, ओपनर फुकटात मिळे. दिवाळीत व्यापारी गिऱ्हाइकांना दुकानाचे नाव कोरलेले किचेन वाटत, त्यांतही ओपनर घुसला. योगायोग असा की जवळपास त्याच काळात त्याचे काम संपत चालले होते. शीतपेये फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत गेली आणि कॅनला ओढायची कडी आली. सोसिओही काचेबरोबर प्लास्टिकच्या बाटलीत मिळू लागले.

डबा कापायच्या खऱ्या ओपनरला या प्रदेशात काम दिले ते आंब्याने. वलसाड-नवसारीचा आणि कोकणचा आमरस कारखान्यांत डबाबंद होतो. ८५० ग्रॅमचा त्याचा ठरलेला डबा लंडन, न्यू जर्सी, ऑकलंड इथल्या भारतीय किराणा दुकानांत मिळतो, आणि परदेशातल्या मराठी-गुजराती घरांत सणाचा आमरस किंवा आम्रखंड त्यातूनच होते. सुरत-नवसारीकडून गेलेल्यांची वस्ती या देशांत जुनी आहे. हा डबा पूर्णपणे सीलबंद, कापल्याशिवाय उघडत नाही, आणि रिकामा झाल्यावर तिकडे तो कोणी ठेवतही नाही. म्हणून ओपनर सांभाळणे तिकडच्या घराला जमले. सुट्टीत सुरतेला येणाऱ्यांच्या किल्ल्यांत तो दिसतो.

कडीत तो बाळगण्याचे शास्त्र सैनिकांच्या आणि सामान्यांच्या अनुभवातून तयार झाले. मुख्य अडचण रिव्हेटची. नवा असताना दात घट्ट मिटतो, वापराने रिव्हेट सैल होतो आणि खिशात दात आपोआप उघडतो. मग खिशाचे अस्तर फाटते, मांडीला ओरखडा येतो, किल्ली काढताना बोटाला टोचतो. यावर सर्वांत सोपा उपाय रबराचे कडे किंवा सायकलच्या ट्यूबची आखूड पट्टी दातावरून चढवण्याचा. दुसरा उपाय ओपनर दोन चपट्या किल्ल्यांच्या मध्ये, दात किल्लीच्या बाजूला करून ओवण्याचा. चामड्याचे छोटे म्यान शिवले तर चंचीतल्या कानकोरण्याचीच सोय पुन्हा मिळते. सैल रिव्हेट ऐरणीवर हलका ठोकून घट्ट करता येतो, पण दोनदा-तीनदा केल्यावर पत्रा चिरतो, तेव्हा नवा घेणे बरे. स्कूटरच्या किल्लीसोबत तो ठेवूच नये. लटकणारा दात गुडघ्याला लागतो आणि जुडग्याचे वजन इग्निशनच्या कुलपावर येते. सुरतेसारख्या दुचाकींच्या शहरात हा मुद्दा लहान नाही. डबा उघडल्यावर ओपनर धुऊन कोरडा करावा लागतो, कारण आंबट रस रिव्हेटच्या फटीत राहिला की गंज धरतो आणि पुढच्या डब्यात तोच उतरतो. हात मात्र ओपनरने क्वचितच कापतो, कापतो तो कापलेल्या झाकणाच्या काठाने. झाकण पूर्ण न तोडता शेवटचा अर्धा इंच तसाच ठेवून ते मागे वाकवण्याची सैनिकी रीत त्यासाठीच आहे. विमानप्रवासात धारदार वस्तू हातातल्या सामानात चालत नाहीत, आणि हा एवढासा दात त्या गटात बसतो की नाही हे तपासनीसाच्या निर्णयावर असते, म्हणून जुडगा मोठ्या बॅगेत जातो किंवा ओपनर कडीतून काढून ठेवला जातो.